स्लोव्हाक भाषेंत फिरावयास जाणें

युरोपांतील कोणतीहि भाषा शिकावयाची झाल्यास ती इंग्रजीच्या दारांतूनच शिकली पाहिजे, असा आपल्याकडील पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. संस्कृताच्या विभक्ति आणि मराठीच्या लिंगवचनांचे नियम परीक्षेपुरते पाठ करावयाचे व पुढें विसरून जावयाचे, हा दुसरा समजहि त्याच्या पाठोपाठ येतो. हे समज कितपत खरे आहेत, हें पाहण्याचा एक सोपा उपाय आहे. जिचा आपणांस मुळींच परिचय नाहीं अशी एखादी भाषा घ्यावी, तिच्यांतील एकच लहानसें वाक्य निवडावें आणि तें नीट उलगडून पाहावें. प्रस्तुत लेखांत त्यासाठीं स्लोव्हाक भाषा घेतली आहे, आणि वाक्य घेतलें आहे तें अगदीं नित्याच्या व्यवहारांतील: ‘मी फिरावयास जातों.’

स्लोव्हाकिया हा मध्य युरोपांतील एक लहान देश होय. त्याच्या उत्तरेस पोलंड, पूर्वेस युक्रेन, दक्षिणेस हंगेरी आणि पश्चिमेस ऑस्ट्रिया व झेक प्रजासत्ताक हे देश आहेत. झेक लोकांपासून विभक्त होऊन १ जानेवारी १९९३ रोजीं तो स्वतंत्र झाला. त्याची लोकसंख्या सुमारें ५४ लक्ष आहे. देश डोंगराळ असून तात्रा पर्वतांतील गेर्लाख हें त्याचें सर्वोच्च शिखर २,६५५ मीटर उंच आहे. रानें व डोंगर घराच्या दाराशीं आल्यामुळें पायीं फिरण्याची आवड ह्या लोकांच्या अंगीं मुरलेली आहे, व म्हणूनच फिरण्याविषयींचें बोलणें ही त्यांच्या भाषेंत शिरण्याची उत्तम वाट आहे. स्लोव्हाक ही रशियन, पोलिश व झेक यांची बहीण, आणि संस्कृताचें व तिचें मूळ कुळ एकच.

१. उच्चार

प्रथम उच्चारांचा विचार करूं. येथें मराठी विद्यार्थ्यास एक अनपेक्षित लाभ होतो. ‘चालणें’ ह्या शब्दांतील च आणि ‘चार’ ह्या शब्दांतील च हे दोन निरनिराळे आहेत, हें आपला कान जाणतो. लिपि मात्र जाणत नाहीं. त्याचप्रमाणें ‘जाणें’ यांतील ज वेगळा व ‘जेवण’ यांतील ज वेगळा. स्लोव्हाक भाषेंत हे चारहि उच्चार आहेत, व त्यांस चार निरनिराळीं चिन्हें आहेत. ह्या लेखांत ‘चालणें’ यांतील च हा टिंब देऊन ‘च़’ असा लिहिला आहे. ‘ख़’ हें चिन्ह घशांत घासून निघणाऱ्या उच्चाराचें समजावें, जसा तो उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडीं ‘ख़बर’ या शब्दांत येतो. ‘ज़’ हा फारसी ‘ज़मीन’ यांतील होय. द, त, न यांस ‘य’ जोडलेला दिसेल तेथें दोन वर्ण न म्हणतां जीभ टाळूस लावून एकच मऊ वर्ण म्हणावा.

दुसरा लाभ त्याहून मोठा आहे. संस्कृतांत ऋ व ऌ हे स्वर आहेत. आपण आज त्यांचा उच्चार ‘रु’ व ‘लृ’ असा करून त्यांचें स्वरत्व घालविलें आहे, आणि ऌ तर ‘क्लृप्ति’ ह्या एका शब्दापुरताच उरला आहे. स्लोव्हाक लोकांच्या तोंडीं हे दोन्ही स्वर जिवंत आहेत, व त्यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे भेदहि आहेत. लांडग्यास ते ‘वॢक’ म्हणतात. आपला ‘वृक’ शब्द हा त्याचा सख्खा भाऊ. ‘पाऊस पडतो’ हें एवढें वाक्य ते ‘पृशी’ ह्या एका शब्दांत सांगतात. व्याकरणाच्या पुस्तकांत ज्या स्वरांची आपण केवळ नांवें वाचतों, ते दररोज पावसाची वार्ता सांगतांना तेथें ऐकूं येतात.

आघात नेहमीं शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो. शब्दामागें ‘ना’, ‘दो’ असें लहानसें अव्यय असल्यास आघात त्या अव्ययावर येतो, आणि दोन्ही शब्द मिळून एक असल्यासारखे म्हटले जातात.

२. जाणें एक, क्रियापदें दोन

आतां मुख्य वाक्याकडे वळूं. फेरफटका या अर्थीं स्लोव्हाक शब्द ‘प्रेख़ाच़्का’ असा आहे. तो स्त्रीलिंगी आहे. ‘मी फिरावयास जात आहें’ याचें स्लोव्हाक असें होईल:

इद्येम ना प्रेख़ाच़्कु.

‘इद्येम’ म्हणजे ‘मी जातों’ किंवा ‘मी जातें’. ‘मी’ हा शब्द निराळा घालावा लागत नाहीं. तो क्रियापदाच्या प्रत्ययांतच आला. सर्व रूपें येणेंप्रमाणें: इद्येम (मी जातों), इद्येश (तूं जातोस), इद्ये (तो जातो), इद्येमे (आम्ही जातों), इद्येत्ये (तुम्ही जातां), इदू (ते जातात). ज्यानें संस्कृतांतील ‘एमि, एषि, एति, इमः, इथ, यन्ति’ हीं रूपें पाठ केलीं आहेत, त्यास हे प्रत्यय ओळखीचे वाटतील. ‘म’, ‘श’, ‘मे’, ‘त्ये’ हे प्रत्यय ‘मि’, ‘सि’, ‘मः’, ‘थ’ यांची आठवण देतात, व धातुहि तोच ‘इ’ आहे.

परंतु ‘मी रोज फिरावयास जातों’ असें म्हणावयाचें असल्यास ‘इद्येम’ चालत नाहीं. तेथें दुसरें क्रियापद लागतें:

चास्तो ख़ोद्यीम ना प्रेख़ाच़्की. (मी वरचेवर फिरावयास जातों.)

आतां, ह्या क्षणीं, एका दिशेनें जाणें हें एक जाणें. आणि पुनःपुन्हां जाणें, जाऊन येणें, इकडेतिकडे हिंडणें हें दुसरें जाणें. मराठींत आपण हा भेद ‘जात आहें’ व ‘जात असतों’ अशा साहाय्यक क्रियापदांनीं दाखवितों. स्लोव्हाक माणूस धातुच बदलतो. ख़ोद्यीम, ख़ोद्यीश, ख़ोद्यी, ख़ोद्यीमे, ख़ोद्यीत्ये, ख़ोद्या हीं त्या दुसऱ्या धातूचीं रूपें. तुम्हीं दाराशीं उभे राहून, पायांत जोडे चढवीत असतां ‘ख़ोद्यीम’ म्हणालांत, तर ऐकणारा समजेल कीं, तुम्ही आपली संवय सांगत आहां, आणि तो आपल्या जागेवरून उठणार नाहीं.

जाणें पायीं आहे कीं गाडीनें, हें मात्र क्रियापद सांगत नाहीं. तें सांगण्यास आपल्याप्रमाणेंच तृतीया लागते: ‘इद्येम व्लाकोम’, म्हणजे ‘मी आगगाडीनें जातों’. पायीं जाण्यास ‘पेशो’ हा शब्द आहे: ‘इद्येम पेशो’.

३. विभक्तीचें काम

‘प्रेख़ाच़्का’ ह्या शब्दाचें वरील वाक्यांत ‘प्रेख़ाच़्कु’ झालें, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेलच. ती द्वितीया होय. जेथें जावयाचें त्याची द्वितीया. पण फिरावयास निघून गेलेला माणूस रानांतूनच घरीं निरोप पाठवील, तर तो म्हणेल:

सोम ना प्रेख़ाच़्के. (मी फिरावयास आलों आहें.)

आतां सप्तमी आली, कारण गति संपून स्थिति आली. ‘वनं गच्छति’ आणि ‘वने तिष्ठति’ यांतील भेद ज्यास समजला आहे, त्यास येथें नवें कांहींच शिकावयाचें नाहीं. हाच भेद प्रश्नांतहि पाळावा लागतो. मराठींत ‘कोठें जातोस?’ व ‘कोठें आहेस?’ ह्या दोहोंस एकच ‘कोठें’ पुरतो. स्लोव्हाक भाषेंत जाण्यास ‘काम’ आणि असण्यास ‘ग्द्ये’ असे दोन शब्द आहेत.

बाकीच्या विभक्तींचींहि उदाहरणें फिरण्यांतच मिळतात. ‘इद्येम दो लेसा’ म्हणजे ‘मी वनांत जातों’. येथें ‘दो’ ह्या अव्ययामुळें षष्ठी झाली आहे. ‘इद्येम क पोतोकु’ म्हणजे ‘मी ओढ्याकडे जातों’, येथें चतुर्थी. ‘इद्येम ज़ ब्रातोम’ म्हणजे ‘मी भावाबरोबर जातों’; येथें तृतीया, जशी ती संस्कृतांत ‘भ्रात्रा सह’ यांत येते. ‘ख़ोद्यीम पो लेसे’ म्हणजे ‘मी वनांत हिंडतों’, येथें सप्तमी. ‘व्राच़्याम सा स प्रेख़ाच़्की’ म्हणजे ‘मी फिरून परत येत आहें’. ह्या शेवटच्या वाक्यांत संस्कृताप्रमाणें पंचमी हवी होती; परंतु स्लोव्हाक भाषेंत पंचमी निराळी उरलेली नाहीं, तिचें काम षष्ठीच करते. अशा प्रकारें तेथील शाळांतून सहा विभक्ति शिकवितात, आणि संबोधन कांहीं थोड्या शब्दांपुरतें राहिलें आहे.

इंग्रजीवरूनच ही भाषा शिकूं पाहणाऱ्यास प्रत्येक रूप हें नवें ओझें वाटतें, कारण एकच शब्द जागोजागीं शेपूट कां बदलतो, हें त्यास प्रथम समजून घ्यावें लागतें. आपणांस तें लहानपणींच समजलेलें असतें. ‘घर, घरास, घरानें, घरीं’ असें म्हणणाऱ्या मुलास विभक्ति म्हणजे काय हें कोणी सांगावें लागत नाहीं. तिचे नवे प्रत्यय काय ते शिकावयाचे उरतात.

४. गेलों आणि गेलें

भूतकाळांत तर हें साम्य पाहून मन थक्क होतें. मुलगा म्हणतो: ‘इश्येल सोम ना प्रेख़ाच़्कु.’ मुलगी म्हणते: ‘इश्ला सोम ना प्रेख़ाच़्कु.’ म्हणजे ‘मी फिरावयास गेलों’ आणि ‘मी फिरावयास गेलें’. तो गेला, ती गेली, तें गेलें यांस अनुक्रमें ‘इश्येल’, ‘इश्ला’, ‘इश्लो’. मराठीप्रमाणेंच येथें तीन लिंगें आहेत, आणि मराठीप्रमाणेंच भूतकाळ ‘ल’काराचा आहे. हे दोन ‘ल’ एकमेकांपासून निघालेले नाहींत. प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे. तरीहि त्यांची चाल इतकी सारखी आहे कीं, मराठी विद्यार्थ्याची येथें लिंगाची चूक सहसा होऊं नये.

उरला ‘सोम’. हा शब्द म्हणजे आपला ‘अस्मि’. सोम, सि, ये, स्मे, स्त्ये, सू ह्या रूपांशेजारीं अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति हीं रूपें लिहून पाहावीं. ‘इश्येल सोम’ याची रचना हुबेहूब ‘गतोऽस्मि’ अशी आहे. संस्कृतांत ‘सः गतः’ म्हणतांना ‘अस्ति’ बहुधा गाळतात. स्लोव्हाक भाषेंतहि ‘तो गेला’ म्हणतांना नुसतें ‘इश्येल’ म्हणतात.

भविष्यकाळीं ‘प्वोय्द्येम’ (मी जाईन) असें रूप होतें, आणि बोलावतांना ‘पोद्य’ (चल), ‘पोद्यमे’ (चला, आपण जाऊं), ‘पोद्यत्ये’ (आपण चलावें) अशीं. तूं आणि आपण हा भेद स्लोव्हाक लोक आपल्यासारखाच कसोशीनें पाळतात. समवयस्क मित्रास एकवचन. वडील माणसास, शिक्षकास व अनोळखी माणसास बहुवचन. लहान मुलें तर ओळख नसलेल्या मोठ्या माणसांसहि ‘उयो’ व ‘तेता’ म्हणजे मामा व मावशी म्हणून हाक मारतात.

५. एका धातूचा परिवार

‘प्रेख़ाच़्का’ ह्या शब्दांत ‘प्रे’ हा उपसर्ग आहे, आणि त्यामागें ‘ख़ोद्यीम’ याचाच धातु रूप पालटून उभा आहे. आपल्याकडे ‘गम्’ धातूपासून आगमन, निर्गमन, संगम असे शब्द होतात. तद्वत् ‘ख़ोद’ ह्या धातूचाहि परिवार आहे. आगगाडीच्या स्थानकांत दोन पाट्या दिसतात: ‘प्रीख़ोत’ म्हणजे आगमन, व ‘ओत्ख़ोत’ म्हणजे निर्गमन. इमारतीच्या दारावर ‘फ़्ख़ोत’ म्हणजे प्रवेशद्वार. ‘वीख़ोत’ म्हणजे बाहेर पडण्याचें दार, आणि पूर्व दिशाहि. कारण सूर्य तेथून बाहेर पडतो. एक धातु व चार उपसर्ग माहीत असलेला प्रवासी स्थानकांत वाट चुकत नाहीं.

फिरण्याचेहि प्रकार आहेत. गांवाभोंवतीं पाय मोकळे करणें ही ‘प्रेख़ाच़्का’. दिवसभराची सहल म्हणजे ‘वीलेत’, ज्याचा मूळ अर्थ ‘बाहेर उडून जाणें’. आणि डोंगरांतील लांबची पायपीट म्हणजे ‘तूरा’. ‘होरा’ हा शब्द आपल्या ‘गिरि’ शब्दाचा सगोत्र आहे, पण स्लोव्हाक भाषेंत त्याचा अर्थ डोंगर असाहि होतो व रान असाहि होतो. त्यांच्या देशांत बहुधा जेथें डोंगर तेथें रान. ‘ये ज़िमा’ म्हणजे ‘थंडी आहे’. ह्या ‘ज़िमा’चा भाऊबंद आपला ‘हिम’. ‘सॢन्को स्व्येत्यि’ म्हणजे ‘ऊन पडलें आहे’. त्यांत ‘श्वेत’ शब्दाचें कुळ ऐकूं येतें.

डोंगरांतील वाटांवर झाडांस व दगडांस रंगाच्या खुणा केलेल्या असतात: दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्यें एक रंगीत पट्टा, रंग तांबडा, निळा, हिरवा किंवा पिवळा. वाटेवरील पाट्यांवर पुढील ठिकाण किती तास व किती मिनिटें चालल्यावर येईल, तें लिहिलेलें असतें. अशा वाटांपैकीं सर्वांत प्रसिद्ध वाट पूर्वेकडील दुक्ला खिंडींतून निघून सुमारें साडेसातशें किलोमीटर चालत पश्चिमेस देवीन किल्ल्यापर्यंत जाते. इ. स. १९४४ सालीं नाझी सत्तेविरुद्ध जो स्लोव्हाक उठाव झाला, त्यांतील वीरांचें नांव ह्या वाटेस दिलें आहे.

६. देवीनची फेरी

ह्याच देवीन किल्ल्याशीं स्लोव्हाक भाषेच्या भाग्याची एक गोष्ट निगडित आहे. दान्यूब व मोरावा ह्या नद्यांच्या संगमावर उंच खडकावर हा किल्ला आहे, इ. स. १८०९ सालीं नेपोलियनच्या सैन्यानें तो सुरुंग लावून उडविला, व तेव्हांपासून तो भग्नावस्थेंत आहे. २४ एप्रिल १८३६ रोजीं ब्रातिस्लावा (तेव्हांचें प्रेसबर्ग) येथील ल्युथरपंथी विद्यालयांतील कांहीं तरुण ह्या किल्ल्यावर गेले. त्यांचा पुढारी ल्युदोवीत श्टूर अवघा वीस वर्षांचा होता. आपल्या लोकांची व भाषेची सेवा करण्याचा निश्चय त्यांनीं तेथें केला, आणि प्रत्येकानें आपल्या नांवास एकेक स्लाव्ह नांव जोडून घेतलें. श्टूरनें ‘वेलिस्लाव’ हें नांव घेतलें. योज़ेफ़ हुर्बान तेव्हांपासून योज़ेफ़ मिलोस्लाव हुर्बान झाला.

त्या काळीं तो प्रदेश हंगेरीच्या राज्यांत होता, व स्लोव्हाक लोकांत लिहिण्याची एक भाषा नव्हती. प्रॉटेस्टंट लोक बायबलाच्या झेक भाषेंत लिहीत. कॅथॉलिक लोकांत आंतोन बेर्नोलाक ह्या धर्मगुरूनें इ. स. १७८७ मध्यें पश्चिमेकडील बोलीच्या आधारें बांधलेली भाषा चाले. एकाच घरची मंडळी दोन लेखण्यांनीं लिहीत होती. इ. स. १८४३ च्या जुलै महिन्यांत हॢबोके गांवीं हुर्बान याच्या घरीं श्टूर, हुर्बान व मिख़ाल होजा हे तिघे एकत्र जमले, आणि देशाच्या मध्यभागींची बोली सर्वांची लेखनभाषा करावी ह्या ठरावावर त्यांनीं शिक्कामोर्तब केलें. इ. स. १८४६ मध्यें श्टूरचें व्याकरण प्रसिद्ध झालें. पुढें दोन्ही पक्षांनीं तडजोड करून लेखनपद्धति सुधारली, व मार्तिन हात्ताला याच्या इ. स. १८५२ च्या व्याकरणांत ती नमूद झाली. आज जी स्लोव्हाक लिहितात तिचा पाया हाच होय. बोलीस व्याकरण मिळालें, आणि त्या व्याकरणामुळें दोन पंथांच्या लोकांस एक लेखणी मिळाली. व्याकरण हें निर्जीव ओझें आहे असें म्हणणाऱ्यांनीं हा इतिहास अवश्य वाचावा.

७. संवाद आणि अभ्यास

आतां शिकलेलें सर्व एका लहानशा संवादांत पाहूं. एक शाळकरी मुलगी व शेजारचे वृद्ध गृहस्थ रस्त्यांत भेटतात.

मुलगी: दोब्री द्येन्य, उयो! काम इद्येत्ये? (नमस्कार, मामा! आपण कोठें निघालांत?)

गृहस्थ: इद्येम ना प्रेख़ाच़्कु, दो लेसा. आ ति? (फिरावयास, रानांत जातों आहें. आणि तूं?)

मुलगी: बोला सोम व् मेस्त्ये. तेराज़ इद्येम दोमोउ. (मी गांवांत गेलें होतें. आतां घरीं जातें आहें.)

गृहस्थ: न्येप्वोय्द्येश सो म्नोउ? (माझ्याबरोबर येणार नाहींस का?)

मुलगी: रादा प्वोय्द्येम, आले पृशी! (आनंदानें येईन, पण पाऊस पडतो आहे!)

गृहस्थ: तो न्येवाद्यी. पोद्य! (हरकत नाहीं. चल!)

मुलगी ‘इद्येत्ये’ असें बहुवचन योजते, आणि गृहस्थ तिला ‘न्येप्वोय्द्येश’ असें एकवचन योजतात, हें पाहावें. ‘रादा’ म्हणजे ‘आनंदित अशी’. मुलगा असता तर त्याला ‘रात’ असें पुल्लिंगी रूप म्हणावें लागलें असतें. ‘दोमोउ’ म्हणजे घरीं. वेदांतील ‘दम’ म्हणजे घर, तोच हा शब्द.

विद्यार्थ्यांनीं पुढील वाक्यें स्वतः करून मग उत्तरें पाहावीं. (१) मी फिरावयास गेलें (मुलगी बोलते). (२) मी भावाबरोबर पायीं जात आहें. (३) आपण वरचेवर रानांत जातां का? (४) चला, आपण फिरावयास जाऊं!

उत्तरें: (१) इश्ला सोम ना प्रेख़ाच़्कु. (२) इद्येम पेशो ज़ ब्रातोम. (३) ख़ोद्यीत्ये चास्तो दो लेसा? (४) पोद्यमे ना प्रेख़ाच़्कु!

ज्याचीं चारहि वाक्यें बरोबर आलीं, त्यानें तीं कशाच्या बळावर केलीं हें मनाशीं शोधून पाहावें. ‘गेलों’ व ‘गेलें’ हा भेद त्यास घरीं आईच्या तोंडून मिळाला. ‘भ्रात्रा सह’ व ‘अस्मि’ हीं रूपें त्यास शाळेच्या बाकावर मिळालीं. हें भांडवल ज्याच्या गांठीं आहे, त्यानें परक्या भाषेस भिण्याचें कारण नाहीं. आणि उद्यां संस्कृताच्या तासास विभक्ति म्हणतांना ती कंटाळवाणी वाटली, तर देवीनच्या वाटेवर आजहि कोणी तरी तीच विभक्ति बोलत चाललें आहे, हें ध्यानांत आणावें.